तीन पाळ्यांत बसवलेला सराव : बेळगावातील एका पॅटर्नमेकरच्या मानवाकृती रेखाटनाचा प्रकरण अभ्यास

मानवाकृती रेखाटन शिकू पाहणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत 'सातत्य नाही' हे निदान इतक्या सहजपणे केले जाते की सातत्य नेमके कशामुळे तुटले याची चौकशी सहसा होतच नाही. पुढे मांडलेले प्रकरण बेळगावच्या उद्यमबाग भागातील एका फाउंड्रीत काम करणाऱ्या पॅटर्नमेकरचे आहे. ते त्यांच्या संमतीने लिहीत आहे. नाव आणि कारखान्याची ओळख अर्थातच दिलेली नाही. साधारण पस्तिशीचे हे गृहस्थ माझ्याकडे आले ते "मला शिस्तच नाही, सर" अशी स्वतःविरुद्धची तक्रार घेऊन. वर्षभराहून अधिक काळ त्यांचा सराव जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले की पाळीवर एक मिनिट उशीर न करणाऱ्या या माणसात शिस्तीची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती समोर माणूस असण्याची. रेखाटायला जिवंत शरीर कुठे, कधी आणि किती वेळ मिळते हे आधी शोधले आणि वेळापत्रक त्यावरून बसवले, तेव्हा सराव टिकला. उलट क्रमाने तो तीनदा मोडला होता.

पार्श्वभूमी

हे गृहस्थ अनगोळात राहतात. घरी आई, पत्नी आणि प्राथमिक शाळेत जाणारी मुलगी. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात, त्यानंतर आयटीआय आणि तेव्हापासून फाउंड्री. पॅटर्नमेकरचे काम बाहेरच्या माणसाला थोडे समजावून सांगावे लागते. जो भाग ओतायचा त्याची लाकडी प्रतिकृती तो तयार करतो; ती वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात वितळलेला रस ओततात. थंड होताना बीड (ओतीव लोखंड) आकसते, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर मोठा ठेवावा लागतो; साचा न मोडता पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो; आणि पुष्कळसे पॅटर्न मधोमध दुभागलेले असतात. मोल्डिंगची लाइन चालू असेपर्यंत पॅटर्न बदलायला आणि दुरुस्त करायला माणूस हजर लागतो, त्यामुळे त्यांना इतर कामगारांप्रमाणे तिन्ही पाळ्या फिरून येतात : एक आठवडा सकाळी सहा ते दुपारी दोन, पुढचा दोन ते रात्री दहा, त्यापुढचा रात्री दहा ते सकाळी सहा. या कामात नजर आणि हात दोन्ही तयार होतात, पण ते एका विशिष्ट वळणाचे : मध्यरेषा आधी, दोन्ही बाजू सारख्या, बाह्यरेषा काटेकोर. मानवाकृतीत या वळणाने काय केले ते पुढे येईल.

चित्रकलेची ओढ शाळेपासूनची. गल्लीतल्या मंडळाच्या चित्ररथाचे पडदे आणि कटआउट रंगवण्याचे काम कित्येक वर्षे त्यांच्याकडे आहे. बेळगावात परंपरेने वैशाखात साजरी होणारी शिवजयंती आणि तिची रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाचे मोल सांगायला नको. त्यांचे बुरुज, तोफा, दरवाजे उत्तम असत. मावळे मात्र भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्यांसारखे दिसत. मिरवणुकीत कोणीतरी तसे बोलूनही दाखवले होते आणि मानवाकृती शिकण्याचा निश्चय त्यातून झाला.

आमच्या गावाला समोर माणूस बसवून रेखाटण्याची परंपरा नवी नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या 'चित्रमंदिर' या कलाशाळेत शिकलेल्यांपैकी चित्रकार रवी परांजपे हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. परांजपे यांचा जन्मही १९३५ चा, बेळगावचाच. पण परंपरा असणे आणि फिरत्या पाळीत काम करणाऱ्या माणसाला आपल्या सवडीच्या वेळी मॉडेल मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर. तिथल्या एखाद्या रविवारच्या वर्गाला जायचे तर तिसरी पाळी संपवून सकाळी न झोपता बस पकडायची, असा हिशेब होतो. तो कोणाकडूनही वर्षभर निभावणार नाही.

तीन प्रयत्न आणि त्यांचे मोडणे

पहिला प्रयत्न गुढीपाडव्याचा. जाड बांधणीची महाग वही आणि रोज रात्री नऊ वाजता एक पूर्ण चित्र, असा संकल्प. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्री नऊला ते कारखान्यात असत, त्यामुळे हा संकल्प दर तिसऱ्या आठवड्याला मोडणार हे कॅलेंडर पाहूनच कळण्यासारखे होते. त्यांनी मात्र तो आपल्या आळसाच्या खात्यावर टाकला. दुसऱ्या प्रयत्नात मोबाइलवर ठरावीक वेळाने बदलत जाणारे पोझचे फोटो होते. तिसऱ्यात व्हॉट्सॲपच्या गटातले महिनाभराचे आव्हान होते. त्यात दोन दिवस चुकल्यावर रोजची चित्रे टाकणाऱ्यांपुढे आपण आता काय टाकायचे, या संकोचाने ते गटातून बाहेर पडले.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रयत्नात घड्याळाची अडचण उघड आहे आणि तिच्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते दुसऱ्या प्रयत्नातले अपयश, कारण त्यात वेळेचे बंधन नव्हते. फोटो तर कोणत्याही पाळीत खिशात होते. तरीही सराव सुटला. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की चार-सहा आठवड्यांनंतर चित्रांत काही फरकच दिसेना. हे खरे होते आणि त्याला कारण होते. फोटोत शरीर आधीच सपाट झालेले असते. मोबाइलच्या रुंद भिंगाने जवळून घेतलेल्या फोटोत पुढे आलेला हात किंवा पाय प्रमाणाबाहेर मोठा होतो, वजन कोणत्या पायावर आहे हे कपड्यांच्या छायेत हरवते, आणि पाहणाऱ्याला जागा बदलून, दोन पावले बाजूला सरकून, खांदा किती पुढे आहे हे पडताळता येत नाही. शिवाय फोटो हलत नाही. जे हलत नाही त्याची बाह्यरेषा गिरवण्याचा मोह अटळ असतो आणि बाह्यरेषा गिरवणे हीच तर या गृहस्थांची व्यवसायातली सवय होती. म्हणजे फोटोंचा सराव त्यांच्या मूळ दोषालाच रोज खतपाणी घालत होता.

मी त्यांच्या जुन्या वह्या मागवून घेतल्या. जवळजवळ प्रत्येक आकृतीची सुरुवात डोळ्यांपासून झालेली दिसत होती. चेहरा पूर्ण, छाती अर्धी आणि पाय कागदाच्या तळाशी जागा न उरल्यामुळे आखूड किंवा कापलेले. दोन्ही खांदे एका पातळीत, दोन्ही कुल्ले एका पातळीत, दोन्ही पाय सारखे भार घेतलेले. पॅटर्न मधोमध दुभागता यावा तशी प्रत्येक आकृती मध्यरेषेवर दुभागता येत होती. उभा माणूस क्वचितच असा उभा असतो. तो बहुधा एका पायावर भार टाकतो. भार घेतलेल्या बाजूचा कुल्ला वर जातो, त्याच बाजूचा खांदा खाली येतो, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. ही एवढी एक गोष्ट वहीत कुठेच नव्हती. प्रमाणे मात्र त्यांनी पाठ केली होती : सामान्य प्रौढ माणूस साडेसात डोकी उंच, आदर्श आकृती आठ डोकी, उंचीचा मध्य जांघेच्या आसपास, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर. पाठ केलेली प्रमाणे सरळ उभ्या, समोरून पाहिलेल्या माणसालाच लागू पडतात. तो वाकला, बसला किंवा पाहणाऱ्याच्या दिशेने हात पुढे केला की डोकी मोजण्याचा उपयोग संपतो.

सरावाची नवी मांडणी

आम्ही आधी वेळ ठरवली नाही. एका कागदावर तिन्ही पाळ्या लिहिल्या आणि त्या-त्या आठवड्यात कारखान्याच्या वाटेवर, घराच्या आसपास माणसे कुठे एका जागी राहतात किंवा तीच हालचाल पुन्हापुन्हा करतात, एवढेच लिहीत गेलो. पहिली पाळी दुपारी दोनला सुटते, तेव्हा संध्याकाळी पैलवानांची तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा, मिळते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. सकाळी सीबीटीवर, म्हणजे बसस्थानकावर, बसची वाट पाहणारी माणसे असतात, खासबागच्या आठवडी बाजारात उकिडवे बसलेले विक्रेते असतात. तिसरी पाळी सकाळी सहाला सुटते आणि घराकडे येताना तालमीतला सकाळचा व्यायाम निम्म्यावर आलेला असतो. अशा रीतीने प्रत्येक पाळीला एक जागा मिळाली. सराव 'सहा वाजता' न राहता 'पाळी सुटल्यावर' किंवा 'पाळीला निघण्याआधी' असा एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधला गेला.

दुसरा बदल एककाचा. 'रोज एक चित्र' हे एकक आम्ही टाकून दिले, कारण चित्र या शब्दाबरोबर ते चांगले व्हायला हवे ही अपेक्षा येतेच. त्याऐवजी दहा-बारा मिनिटे : अर्ध्या मिनिटाची चार रेखाटने, एक मिनिटाची चार आणि जमल्यास पाच मिनिटांचे एक. महागडी वही बंद केली. कारखान्याच्या ऑफिसातले पाठकोरे कागद, परीक्षेचे पॅड, मऊ पेन्सिल किंवा चारकोलची कांडी, एवढ्यावर काम भागले. खोडरबर मुद्दाम दिला नाही. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि पाळी लिहायची, ही सूचना त्यांचीच. पॅटर्नवर क्रमांक घालण्याची सवय होतीच.

चुकलेल्या दिवसाचा नियम आधीच ठरवून ठेवला : दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही, उलट त्या दिवशी फक्त अर्ध्या मिनिटाची चार रेखाटने करून थांबायचे. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्याने नवख्या माणसाचे नुकसानच होते असे माझे मत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचा अभ्यास करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. जेवणाबरोबर फळ खाणे किंवा पाणी पिणे यांसारख्या साध्या गोष्टीही आपोआप घडू लागायला लागणाऱ्या काळाचा मध्यक त्यात ६६ दिवस आला आणि व्यक्तीव्यक्तीतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षात येण्याजोगा खंड पडला नाही, हेही त्यात दिसले. व्हॉट्सॲपच्या गटातून दोन दिवसांच्या खंडामुळे बाहेर पडलेल्या माणसाला ही माहिती पुस्तकी वाटली नाही; त्यांनी ती घरी पत्नीलाही सांगितली.

आढाव्यासाठी महिना न धरता तीन आठवड्यांचे चक्र धरले, कारण तिन्ही पाळ्या फिरून आल्याशिवाय तुलना न्याय्य होत नव्हती. चक्र संपले की सगळे कागद जमिनीवर तारखेप्रमाणे मांडायचे, सर्वांत जास्त वेळा दिसणारी एकच चूक निवडायची आणि पुढच्या चक्रात तेवढीच पाहायची. पहिल्या चक्रात फक्त भार कोणत्या पायावर आहे ते, दुसऱ्यात खांद्यांचा आणि कमरेचा उलटसुलट कल. चेहरा काढायचा नाही. डोक्याच्या जागी एक अंडाकृती पुरे. पाय आधी, डोके नंतर, असाही नियम काही आठवडे ठेवला, म्हणजे निदान आकृती कागदात मावेल.

तालमीतले काम

तालमीत बसू देण्याविषयी वस्तादांशी बोलणे झाले. त्यांनी दोन अटी घातल्या : चपला बाहेर, आणि मोबाइल खिशात. दोन्ही आमच्या सोयीच्याच होत्या. लंगोट लावलेल्या पैलवानाच्या शरीरात भार, ताण आणि वळण जितके स्पष्ट दिसते तितके कपडे घातलेल्या मॉडेलमध्ये दिसत नाही. आणि गावात ज्या गोष्टीकडे आदराने पाहिले जाते तिच्यातच हे सगळे उघड असल्यामुळे संकोचाचा प्रश्न उभा राहत नाही. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातही विवस्त्र मॉडेलसमोर रेखाटनाचा वर्ग सुरू व्हायला तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांची कारकीर्द, म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांमधला काळ यावा लागला. आपल्याकडच्या छोट्या गटांनी 'खरा' लाइफ क्लास म्हणजे विवस्त्र मॉडेलच, असा हट्ट धरणे म्हणजे वर्ग सुरू होण्याआधी बंद करणे होय. तालीम ही आपल्याला आयती मिळालेली सोय आहे आणि चित्रकारांनी ती पुरेशी वापरलेली नाही, असे मला वाटते.

सुरुवातीचे दिवस मात्र कठीण गेले. जोर काढणारा पैलवान थांबत नाही. कमर वर, मग छाती दोन हातांच्या मधून जमिनीलगत, मग हात ताठ करून छाती वर आणि पाठीला कमान, आणि पुन्हा कमर वर. डोळा एका अवस्थेवर बसेपर्यंत शरीर पुढच्या अवस्थेत गेलेले असते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. एकाच कागदावर चार जागा करायच्या, प्रत्येक जागी एक अवस्था, आणि ती अवस्था फिरून आली की त्या रेखाटनात दोन रेषा घालायच्या. शंभर जोर काढणारा माणूस तीच अवस्था शंभर वेळा दाखवतो, म्हणजे एकूण पाहता तो बराच वेळ स्थिर बसलेल्या मॉडेलइतकाच उपलब्ध असतो, फक्त तुकड्यातुकड्याने. या पद्धतीचा दुसरा फायदा असा की दोन दर्शनांच्या मधल्या क्षणांत आकृती मनात धरून ठेवावी लागते. चित्ररथाच्या पडद्यावर काम करताना समोर मॉडेल नसते. तेव्हा कामी येते ती हीच धरून ठेवण्याची सवय. बैठकांमध्ये टाचा उचलल्या जातात आणि हात झुलतात. तिथे भार पुढच्या चवड्यावर कसा येतो हे पाहण्यात एक पूर्ण चक्र गेले.

एके सकाळी वस्तादांनी कागद हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि म्हणाले, "ह्याला बोट लावलं तर पडतंय की." आकृती एका पैलवानाची होती, पवित्र्यात उभा असलेल्या. मी त्या रेखाटनावर दहा मिनिटे बोललो असतो तरी हे इतके नेमके सांगता आले नसते. वस्तादांना चित्रकला येत नाही, पण तोल कुठे आहे हे त्यांना डोळ्यांनी कळते. त्यांचे आयुष्य समोरच्याचा तोल हेरण्यात गेले आहे. त्यानंतर या गृहस्थांनी ठरवून दर काही दिवसांनी एक कागद त्यांना दाखवायला सुरुवात केली. पैलवान मंडळीही येऊन पाहू लागली आणि आपला खांदा 'एवढाच' दाखवला म्हणून भांडू लागली. सराव टिकण्यात या वर्दळीचा वाटा मोठा आहे. कोणीतरी उद्या विचारणार आहे, हे घरच्या टेबलावर कधीच नसते.

सीबीटीवरचे आणि बाजारातले काम यामानाने साधे होते, त्यामुळे त्यावर थोडक्यात. अनोळखी माणसांना रेखाटताना त्यांनी स्वतःहून एक शिस्त पाळली : कोणी पाहिले तर कागद दाखवायचा, नको म्हणाले तर थांबायचे, आणि एकट्या बायकांचे रेखाटन करायचे नाही. गोकाककडे निघालेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कन्नडमध्ये चौकशी केली, कागद पाहिला आणि बस येईपर्यंत हालायचेच सोडून दिले, त्यामुळे ते रेखाटन बिघडले. माणूस पोझ देऊ लागला की सहजपणा जातो, हा अनुभव प्रत्येक रेखाटनकाराचा आहे. उकिडव्या बसण्यावर मात्र या आठवड्यांत त्यांचा हात बसला. उकिडवे बसलेल्या शरीरात मांड्या पाहणाऱ्याच्या दिशेने येतात आणि आखूड दिसतात. तिथे पाठ केलेली प्रमाणे बाजूला ठेवून, हात आणि धड यांच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकार पाहूनच रेखाटावे लागते.

पावसाळ्यातले महिने

बेळगावचा पाऊस हे बाहेरच्या सरावाचे नैसर्गिक टोक आहे. जुलैमध्ये कागद दमट, चारकोल बसत नाही, सीबीटीवर माणसे छत्र्यांआड. इथे सराव पुन्हा मोडणार अशी मला शंका होती. त्यांनीच मार्ग काढला : तांदूळ निवडणारी आई आणि झोपलेली मुलगी. आई नऊवारी नेसते, आणि नऊवारीचा कासोटा दोन्ही मांड्या वेगळ्या दाखवतो, त्यामुळे बसलेल्या शरीराची रचना वस्त्राखालूनही वाचता येते. पाचवारी साडीत हे अवघड होते. वस्त्राच्या चुण्या जिथे कापड ताणले जाते तिथून, म्हणजे गुडघ्यातून आणि कमरेतून निघतात, हे त्यांनी आईच्या रेखाटनांतून शिकून घेतले. "मी काय देव आहे का रोज समोर बसून राहायला," असे आई दोन-चारदा म्हणाल्या, पण सूप हातचे सोडले नाही.

याच काळात हाडांच्या खुणा सुरू केल्या : मानेच्या पायथ्याचा उंचवटा, गळ्याची खळगी, कमरेची पुढची दोन टोके, गुडघ्याची वाटी, घोटे. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, ही साधी गोष्ट पाय काढणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत नसते. छाती आणि कमर या दोन पेट्या समजून त्या एकमेकींवर किती वळल्या आहेत हे दाखवायला सांगितले, तेव्हा मात्र हा माणूस एकदम घरी आल्यासारखा वागू लागला. घनाकार कापून पाहणे, कोणता पृष्ठभाग उजेडाकडे आहे ते सांगणे, हे तर त्यांचे रोजचे काम. सुरुवातीला जो व्यवसाय आडवा आला होता तोच इथे उपयोगी पडला, आणि चार-पाच आठवड्यांत त्यांनी जे घेतले ते माझ्या नियमित विद्यार्थ्यांना वर्षभर लागते. आधी भार आणि हालचाल, मग घनता, हा क्रम त्यांच्या बाबतीत योग्य ठरला. पेट्यांपासून सुरुवात केली असती तर आकृत्या पुन्हा ताठच झाल्या असत्या.

रविवारची बैठक

त्वरित रेखाटनांनी जे मिळत नाही त्यासाठी लांब पोझ लागते. ती मंडळातच सापडली. सजीव देखाव्यात काम करणारी मुले तासन्‌तास एका पवित्र्यात उभी राहण्याचा सराव करतात. त्यांच्यापैकी एकाला रविवारी मंडळाच्या खोलीत उभे करायचे, वीस मिनिटे पोझ आणि पाच मिनिटे विश्रांती, आणि विश्रांतीनंतर तोच पवित्रा परत मिळावा म्हणून पायांभोवती खडूने रेघ मारायची. बसणाऱ्यांनी वर्गणी काढून मॉडेलला मानधन द्यायचे, हा माझा आग्रह होता आणि तो सर्वांना पटला नाही. 'आपलाच पोरगा' असताना पैसे कशाला, असा सूर निघाला. मी आग्रह सोडला नाही. फुकट उभा राहणारा मुलगा तिसऱ्या रविवारी येत नाही, आणि आला तर खांबाला टेकतो.

काय बदलले आणि काय नाही

पुढच्या वैशाखात त्यांच्या पडद्यावरचे मावळे उभे होते, म्हणजे खरोखर जमिनीवर भार टाकून उभे होते. खांद्यांचा कल, भार घेतलेला पाय, भाल्याला दिलेला रेटा हे लांबूनही वाचता येत होते. चेहरे अजून एकाच साच्यातले होते आणि हात बऱ्याच ठिकाणी ढालीमागे लपवलेले होते. हाताच्या पंजाची लांबी हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंतच्या चेहऱ्याएवढी असते हे माहीत असणे आणि मूठ आवळलेला पंजा काढता येणे यांत बरेच अंतर आहे.

दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकली. वेगाच्या सरावाची एक लकब त्यांच्या रेषेला लागली. झपाट्याने ओढलेली, डौलदार, पण शरीराची विशेष दखल न घेणारी रेषा. पाहणाऱ्याला ती कौशल्याची वाटते आणि काढणाऱ्यालाही. त्वरित रेखाटनांवरच भर देणाऱ्या प्रत्येक सरावात हा धोका आहे. उपाय म्हणून आठवड्यातून एकदा कागदाकडे न पाहता, डोळा शरीराच्या कडेवरून जितक्या सावकाश सरकेल तितक्याच सावकाश पेन्सिल सरकवण्याचे रेखाटन सुरू केले. ते त्यांना अजिबात आवडत नाही.

या प्रकरणातून काही उचलू पाहणाऱ्यांसाठी एक मर्यादा नोंदवणे भाग आहे. हा सराव एका पुरुषाला मिळालेल्या जागांवर उभा आहे. तालीम, पहाटेची वाट, सीबीटीवर एकट्याने बसून अनोळखी माणसांकडे टक लावून पाहणे, यांतले काहीही माझ्याकडे येणाऱ्या मुलींना जसेच्या तसे सांगता येत नाही. खानापूरकडची माझी एक विद्यार्थिनी रोप लावणीच्या दिवसांत स्वतःच्याच शेताच्या बांधावर बसून वाकलेल्या बायकांची रेखाटने करते. तिथेही तीच हालचाल फिरून येते आणि पाहणारी घरचीच असते. पण लावणी काही आठवडेच चालते, आणि उरलेल्या वर्षासाठी शाळेच्या मैदानावरची कबड्डी सोडली तर तिच्यासाठी पुरेशी जागा अद्याप ठरलेली नाही. तिचा कागद वेगळा मांडावा लागेल.

पॅटर्नमेकरच्या सरावातही अलीकडे नवी अडचण आली आहे. मागणी घटल्याने कारखान्याने तिसरी पाळी बंद केली आणि तालमीवरून परतण्याची सकाळची वाटच संपली. तीन आठवड्यांचे चक्र दोन आठवड्यांचे झाले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळची तालीम आहे, पण दुसऱ्या पाळीच्या सकाळी सीबीटीखेरीज आणखी एखादी जागा हवी आहे, कारण बसलेल्या माणसांची रेखाटने आता गरजेपेक्षा जास्त साठली आहेत आणि उभ्या, काम करणाऱ्या शरीरांची कमी. वडगावातल्या एका ओळखीच्या यंत्रमागवाल्याशी बोलणे चालू आहे. तुटलेला धागा जोडण्यासाठी मागावर वाकणारा विणकर दिवसभरात तीच हालचाल असंख्य वेळा करतो, त्यामुळे जागा कामाची आहे. मात्र मागांच्या मधल्या वाटा अरुंद आहेत आणि पॅड घेऊन उभे राहणाऱ्याने नेमके कुठे थांबायचे, हे मालकाने अजून सांगितलेले नाही.